चुकलेला स्वर आणि गप्प संगणक

पडद्यावर शेवटची ओळ उमटते : ‘सक्सेस : कंपायलेशन सक्सेसफुली कम्प्लीटेड’. पीडीएफ उघडावी तर पान देखणे असते. पाच रेघा सरळ, स्वरांच्या टिकल्या काळ्याभोर, दांड्या मापात, बारच्या उभ्या रेघा जिथल्या तिथे. पण दुसऱ्या ओळीपासून पुढचे सगळे संगीत निम्म्या लांबीचे झालेले असते, कारण टाइप करताना एका ठिकाणी चारचा आकडा राहून गेला. लाल अक्षरात कुठे काही लिहून आलेले नसते. ही चूक पुष्कळदा तालमीतच कळते, वादक वाद्ये लावून बसलेले आणि निर्देशकाची काठी हवेत असताना.

हे घडते ते लिलीपाँड या सॉफ्टवेअरमध्ये. हान-वेन निनहाउस आणि यान निउवेनहाउझेन या दोन डच वादक-प्रोग्रॅमरांनी १९९६ साली ते लिहायला घेतले. आज ते ग्नू प्रकल्पाचा भाग आहे, फुकट मिळते आणि त्याचा कोड कुणालाही उघडून पाहता येतो. त्यात माउसने स्वर उचलून रेघांवर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलीत अक्षरे आणि आकडे लिहायचे, फाइल चालवायची आणि छापायला तयार पान हातात घ्यायचे.

दोघांची मूळ तक्रार छपाईच्या रूपाबद्दल होती. संगणकावर जुळवलेली पाने त्यांना निर्जीव वाटत. लिलीपाँडसोबत येणाऱ्या माहितीत त्यांनी बाखच्या चेलो सुइटची एकाच प्रकाशकाची दोन पाने शेजारी ठेवली आहेत : १९५० सालचे हाताने कोरलेले आणि २००० सालचे संगणकावरचे. जुने पान वाचताना डोळा वाहत जातो, नवीन पान यंत्रासारखे ठोकळेबाज दिसते. तो जुना जिवंतपणा परत आणण्यासाठी त्यांनी जुन्या छापील पानांचा बारकाईने अभ्यास केला. जाड रेघ किती जाड असावी, दोन स्वरांमधली जागा कालावधीप्रमाणे किती वाढावी, दोन स्वरांना जोडणारी तुळई किती अंशांनी तिरकी असावी, सगळे मोजून काढले.

हाताने कोरणारा कारागीर शिसे आणि कथिल यांच्या मऊ पत्र्यावर, आरशात दिसावे तसे उलटे, पोलादी ठसे ठोकत असे. ठोकण्याआधी प्रत्येक बारातली जागा त्याला आखून घ्यावी लागे. हिशेब जुळत नसेल तर बहुधा आखतानाच त्याचा हात थांबायचा. संगणकाने कारागिराचे हात घेतले, हा मधला थांबा मात्र घेतला नाही. म्हणून लिलीपाँडमधून येणारे चुकीचे पानही बरोबर पानाइतकेच सुबक असते, आणि सुबक पानावर शंका घ्यायला माणसाचे मन सहसा तयार होत नाही.

चारच्या आकड्याची भानगड समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. पाश्चात्त्य स्वरलेखनात बार हा साधारण आपल्या तालाच्या आवर्तनासारखा, ठरलेल्या मात्रांचा कप्पा असतो. ४/४ म्हटले की एका बारात चार मात्रा. लिलीपाँडमध्ये ‘सी’ लिहून पुढे ४ लिहिले की एका मात्रेचा सी, ८ लिहिले की अर्ध्या मात्रेचा. दर स्वरापुढे आकडा लिहायचा कंटाळा येऊ नये म्हणून एक सोय आहे : आकडा लिहिला नाही तर आधीच्या स्वराचाच कालावधी पुढे चालतो. अर्ध्या मात्रेचे स्वर लिहून झाल्यावर एका मात्रेवर परत येताना ४ विसरला, की तिथून पुढे दुसरा आकडा येईपर्यंत सारे स्वर अर्ध्या मात्रेचे.

आता बारच्या रेघा कोण ओढतो? लिलीपाँडच. चार मात्रा भरल्या की तो एक उभी रेघ मारतो. स्वर निम्मे झाले तर एका बारात दुप्पट स्वर मावतात आणि रेघ तरीही बिनचूक चार मात्रांवर पडते. तुकडा संपताना शेवटचा बार अर्धवट राहिला तरी प्रोग्रॅम हरकत घेत नाही. त्याच्या दृष्टीने फाइलीत चूक नाहीच. लिहिलेले प्रत्येक अक्षर वैध आहे, प्रत्येक बेरीज पूर्ण होते. लेखकाच्या मनात काय होते ते फाइलीत कुठेच नाही.

इशारा न येण्याचे खरे कारण हेच आहे. चूक पकडायची तर एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असावी लागते आणि ती दोन विधाने एकमेकांशी भांडावी लागतात. एकदाच सांगितलेल्या गोष्टीत खोटे काय ते यंत्राला कळायचा मार्ग नाही. स्लर म्हणजे स्वरांवरची जोडकमान घ्या. ती फाइलीत कंसासारखी उघडावी आणि मिटवावी लागते. मिटवायला विसरलात तर लिलीपाँड लगेच सांगतो की कमान अर्धवट राहिली आहे. तिथे उघडणारे चिन्ह हे पहिले विधान आणि मिटवणारे हे दुसरे. कालावधीच्या बाबतीत दुसरे विधान नसते, म्हणून तक्रारही नसते.

ते दुसरे विधान देण्याची सोय लिलीपाँडमध्ये आहे, आणि ती फार मोलाची आहे. फाइलीत जिथे बार संपला असे लेखकाला वाटते तिथे त्याने एक उभी रेघ टाइप करायची. ती छापली जात नाही. तिचा अर्थ एवढाच की ‘माझ्या हिशेबाने इथे बार पुरा झाला’. प्रोग्रॅम तिथे पोचतो, आपला हिशेब पाहतो, आणि जुळले नाही तर ओळीच्या क्रमांकासह कळवतो की बारचेक फसला आणि आपण बारात अमुक ठिकाणी, उदाहरणार्थ ३/४ वर, उभे आहोत. अनुभवी मंडळी फाइलीच्या एका ओळीत एकच बार लिहितात आणि प्रत्येक ओळ या रेघेने संपवतात. चारचा आकडा विसरला तर चूक त्याच ओळीवर पकडली जाते, पुढे दोनशे बार घसरत नाही. शिवाय ‘हा अमुक क्रमांकाचा बार असला पाहिजे’ असे बजावणारी वेगळी आज्ञाही आहे. ती अख्खा बार गळला किंवा दोनदा टाइप झाला तर कामी येते.

सप्तकाचेही असेच. लिलीपाँडच्या सापेक्ष पद्धतीत प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या सर्वांत जवळ बसतो. सीनंतर नुसता जी लिहिला तर वरचा जी पाच स्वर दूर आणि खालचा चार स्वर दूर, म्हणून प्रोग्रॅम खालचा निवडतो. वरचा हवा असेल तर अक्षरापुढे एक अवतरणासारखी खूण द्यावी लागते. ती एक खूण राहिली की तिथून पुढचे सगळे गाणे एक सप्तक खाली उतरते. इथेही तपासणीची सोय आहे : स्वरापुढे बरोबरचे चिन्ह टाकून अपेक्षित सप्तक लिहायचे. जुळले नाही तर इशारा येतो आणि सप्तक तिथेच सुधारले जाते, म्हणजे चूक पुढे पसरत नाही. पण ही तपासणी ऐच्छिक आहे, आणि जो चारचा आकडा विसरतो तो तपासणीची खूणही विसरू शकतो.

गंमत म्हणजे नवशिक्याला लिलीपाँडकडून मिळणारा पहिला इशारा बहुधा वेगळ्याच गोष्टीचा असतो. फाइलीच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक लिहिला नाही तर तो लगेच टोकतो आणि कोणती ओळ घालावी तेही सांगतो. ती टोकणी योग्यच आहे, कारण पुढे भाषा बदलली की जुन्या फाइली सुधारायला तो क्रमांक लागतो. पण त्यातून शिकाऊ माणसाचा असा समज होतो की हा प्रोग्रॅम बारीकसारीक गोष्टीही सांगतो, तेव्हा मोठी चूक असती तर नक्कीच बोलला असता. हा समज महागात पडतो.

गप्प राहण्याचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. काही ठिकाणी प्रोग्रॅमला खरेच काही कळू शकत नाही. डी मेजरमध्ये एफ आणि सी हे दोन्ही स्वर तीव्र असतात. सुरुवातीला डी मेजर जाहीर केले म्हणून नुसता ‘एफ’ लिहिला तर लिलीपाँड तो आपोआप तीव्र करत नाही. तीव्र हवा तर ‘फिस’ असेच लिहावे लागते. नुसत्या एफसाठी तो शुद्ध एफ छापतो आणि शेजारी शुद्धत्वाची खूण लावतो. इशारा नाही, कारण डी मेजरमध्ये शुद्ध एफ येणे हा काही गुन्हा नाही. इथे निदान पानावर ती खूण दिसते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यात खुपते.

दुसरा प्रकार क्षम्य नाही. लिलीपाँडमध्ये स्वराची ओळ, स्टाफ म्हणजे पाच रेघांचा पट्टा आणि संपूर्ण स्कोअर असे एकात एक थर आहेत, आणि प्रत्येक चिन्ह कुठल्या तरी थराच्या मालकीचे आहे. ओळीच्या आरंभी येणारे क्लेफचे चिन्ह स्टाफच्या मालकीचे. त्याला लाल रंग द्यायचा आणि आज्ञेत ‘स्टाफ’ लिहायचे राहिले, तर ती आज्ञा स्वराच्या थराला लागू होते. तिथे क्लेफच नाही, म्हणून काहीच होत नाही. आज्ञा वाचली गेली, स्वीकारली गेली आणि वाया गेली, आणि लेखकाला याचा पत्ता नाही. माणसाने दिलेली आज्ञा कशालाच लागू झाली नाही, ही गोष्ट यंत्राला शोधता येण्यासारखी आहे. ती त्याने सांगितली पाहिजे. तसेच एका स्टाफवरचे दोन आवाज. एकाचे आठ बार आणि दुसऱ्याचे साडेसात झाले तर छोटा आवाज मुकाट्याने संपतो. इथे दोन विधाने समोरासमोर आहेत, भांडण उघड आहे, आणि तरीही तक्रार नाही.

गाण्याचे बोल लिहिताना ही शांतता फार जाचते. शब्दाचे तुकडे दोन छोट्या आडव्या रेघांनी जोडून प्रत्येक तुकडा एका स्वराखाली बसवायचा असतो. एखादा शब्द तोडायचा राहिला की तिथून पुढचा प्रत्येक तुकडा एका स्वराने सरकतो. स्वर जास्त आणि अक्षरे कमी राहिली तरी इशारा नाही, कारण एक अक्षर अनेक स्वरांवर लांबवणे ही गाण्यातली रोजचीच गोष्ट आहे.

बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची गोष्ट इथे आठवावी. लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकाने तिची पहिली छपाई १८०९ साली काढली. तिसऱ्या भागात दोन बार जास्तीचे छापले गेले होते. २१ ऑगस्ट १८१० रोजी बीथोवनने प्रकाशकाला पत्र लिहून ते कळवले. दुरुस्ती झाली नाही. ते पत्र उजेडात आले १८४६ साली, बीथोवन जाऊन १९ वर्षे झाल्यावर, आणि तोवर लोक ते दोन बार वाजवत आणि ऐकत राहिले. त्या भागात आधी एक मोठी पुनरावृत्ती होती, तिच्यासाठी ठेवलेले दोन बार पुनरावृत्ती काढल्यावर तसेच राहून गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आजच्या बारचेकने हे पकडले असते का? नाही. प्रत्येक बार मात्रांनी पुरा होता. बारांची मोजणीही कामी आली नसती, कारण घोळ मुळातल्या हस्तलिखितातूनच आला होता.

बीथोवनच्याच ‘हामरक्लाविअर’ सोनाटात याहून अवघड कोडे आहे. पहिल्या भागात, मुख्य सुरावट परतण्याच्या अगदी आधी, पाच तीव्र स्वरांची की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या आरंभी दिलेल्या तीव्र खुणा, चालू आहे. त्यामुळे तिथला ए हा तीव्र वाचायचा. पण बीथोवनला तिथे शुद्ध ए हवा होता आणि शुद्धत्वाची खूण लिहायची राहिली, असे अनेकांना वाटते. दुसरी बाजू म्हणते की छापलेले आहे तेच त्याच्या मनात होते, आणि ते धाडसी व सुंदर आहे. मूळ हस्तलिखित हरवले आहे. दोन्ही बाजूंचे पियानोवादक आजही आपापला स्वर वाजवतात. जिथे जाणकार दोनशे वर्षे भांडतात तिथे प्रोग्रॅमकडून निवाडा मागणे अन्यायाचे होईल.

मग सगळ्याच शंकांवर घंटा वाजवली तर? तेही चालत नाही. एरिक सातीच्या पहिल्या तीन ‘ग्नोसिएन’मध्ये बारच्या रेघाच नाहीत. तिथे मात्रांचा हिशेब मागणारा प्रोग्रॅम संगीतकारालाच चूक ठरवील. शुमनच्या १८४२ सालच्या पियानो क्वार्टेटमध्ये संथ भागात चेलोवादकाला सर्वांत खालची तार एक पूर्ण स्वर उतरवायला सांगितले आहे. वाद्याच्या आवाक्याबाहेरचा म्हणून तो खालचा स्वर प्रोग्रॅमने अडवला, तर शुमनचाच विचार अडेल. म्हणून संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये इशारा आणि अडथळा यांत फरक ठेवावा लागतो. लिलीपाँड शक्यतो काम थांबवत नाही. त्याच्या आतल्या यंत्रणेतच काही बिघडले तर तो ‘प्रोग्रॅमिंग एरर’ असे कळवतो आणि पुढच्या ओळीत साधारण असे म्हणतो की पुढे चाललो आहे, देव पाण्यात ठेवा. पान निदान डोळ्यांनी पाहता यावे, हा त्यामागचा विचार. तो पटण्यासारखा आहे, कारण संगीताची चूक पानावर जितकी चटकन दिसते तितकी फाइलीत दिसत नाही.

या उदारपणाची एक किंमत मात्र आहे. फाइल चालताना लिलीपाँड एकामागून एक कामाच्या ओळी छापत जातो : संगीत वाचतो आहे, पानांची आदर्श संख्या शोधतो आहे, ओळी काढतो आहे. मोठ्या वाद्यवृंदाच्या फाइलीत निरुपद्रवी इशाऱ्यांची रांग लागते आणि खरा इशारा त्या गर्दीत वाहून जातो. वापरणाऱ्याला तो मिळालेला असतो, दिसलेला नसतो. त्यावर उपाय आहेत. फक्त इशारे आणि चुका दाखवायला सांगता येते. प्रत्येक इशाऱ्याला चूक मानण्याचा कडक पर्यायही आहे. छपाईला पाठवायच्या शेवटच्या प्रतीसाठी तो कडक पर्याय लावावा, हे सांगायला संकोच वाटू नये.

लिलीपाँड घडवणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःच्या कामात फार गंभीरपणे घेतलेला दिसतो. नवी आवृत्ती काढण्यापूर्वी ते छोट्या-छोट्या नमुना फाइलींचा मोठा संच चालवतात आणि आधीच्या चित्रांशी नवी चित्रे ताडून पाहतात. त्यांतल्या काही फाइली मुद्दाम चुकीच्या असतात. अशा फाइलीत आधीच लिहून ठेवता येते की ‘इथे अमुक इशारा आला पाहिजे’. इशारा आला तर तो गुपचूप गिळला जातो. आला नाही, तर प्रोग्रॅम स्वतःच कळवतो की अपेक्षित इशारा मिळालाच नाही. कुणी कोड सुधारताना नकळत एखादा इशारा बंद करून टाकला, तर त्याचा बोभाटा इथे होतो. न बोललेल्या गोष्टीची तक्रार करण्याची ही युक्ती सॉफ्टवेअरच्या जगात सगळीकडे वापरण्यासारखी आहे.

माउसने स्वर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थोडे वेगळे दिसते. म्यूझस्कोअर हे त्यातले फुकट आणि लोकप्रिय. तिथे बार हा आधीच ठरलेल्या मापाचा डबा असतो आणि रिकामी जागा विरामांनी भरलेली असते, म्हणजे दुसरे विधान आयतेच तयार. फाइल बिघडली असेल तर अमुक बार, अमुक स्टाफ, अपेक्षित ४/४ आणि सापडले वेगळेच, असे ते सांगते. वाद्याच्या आवाक्याबाहेरचा स्वर रंग बदलतो. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये एखादा स्वर लांबवला की तो पुढच्या स्वराची जागा खातो आणि पुढचा स्वर विनातक्रार नाहीसा होतो. पडद्यावर नजर असेल तर कळेल, नसेल तर नाही. क्लॅरिनेटसारख्या वाद्यांची पाने ऐकू येणाऱ्या स्वरांपेक्षा वेगळ्या उंचीवर छापावी लागतात. त्याचे बटण चुकीच्या स्थितीत राहिले की प्रत्येक स्वर चुकीचा, पण पान निर्दोष.

इथून आपल्याकडच्या एका जुन्या कामाकडे येता येते. मुंबईत जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी ज्या पद्धतीने छापल्या, त्या पद्धतीत तालाचे खाने, समेची फुली, खालीचे शून्य आणि टाळीचे आकडे प्रत्येक ओळीला असतात. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या खान्यांत. हे आयते बारचेक आहे. आज या बंदिशी बहुतेक ठिकाणी साध्या वर्ड प्रोसेसरच्या तक्त्यात टाइप होतात, आणि तिसऱ्या खान्यात तीनच स्वर पडले तर तो तक्ता काही बोलत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट कोमल स्वरांची. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. टाइप करणारे ती अधोरेखनाच्या बटणाने देतात. तो मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर किंवा साध्या मजकुराच्या फाइलीत टाकला की अधोरेखन गळून पडते. काफीतले कोमल गंधार-निषाद एका क्षणात शुद्ध होतात, आणि स्वरांची अक्षरे जशीच्या तशी असल्याने काही हरवल्याचा संशयही येत नाही. तार सप्तकासाठी अनुस्वार आणि मंद्रासाठी नुक्ता वापरला असेल तर ते टिकतात, कारण ते अक्षराचाच भाग असतात. कोमलासाठी युनिकोडमधले अनुदात्ताचे चिन्ह, म्हणजे ‘ग॒’, ‘नि॒’ असे लिहिले तर तेही टिकते. शिकवणाऱ्यांनी आणि नोटेशन टाइप करणाऱ्यांनी अधोरेखनाचे बटण सोडून हे चिन्ह धरावे. काही फाँटमध्ये ते जरा वेडेवाकडे दिसते, पण स्वर तरी बदलत नाही.

आणि एवढे झाले की बाकीची तपासणी एखादा छोटा प्रोग्रॅमही करू शकतो. ओळीत सोळा मात्रा आहेत का, ते मोजणे सोपे. फाइलीच्या वर रागाचे नाव लिहिले तर दुसरे विधानही मिळते : भूपात मध्यम किंवा निषाद आला तर त्याने विचारावे, कोमल गंधार आला तरी विचारावे. अडवू मात्र नये, कारण जाणकार गायक एखाद्या ठिकाणी वर्ज्य स्वर जाणूनबुजून लावून जातो आणि त्या बंदिशीची खरी मौज तिथेच असते. भूपातच गंधाराच्या जागी रिषभ पडला, तर मात्रा जुळतात, रागही जुळतो आणि असा प्रोग्रॅम गप्प बसतो. तो स्वर पकडायला ती बंदीश तोंडपाठ असलेला माणूस शेजारी बसवून, ओळीवर बोट ठेवून, एकेक मात्रा गाऊन पाहावी लागते.